संस्थेचा स्वतःचा रेडिओ: एफएमचा मनोरा की इंटरनेटचा स्ट्रीम?

आपल्या कॉलेजचा, ट्रस्टचा किंवा वस्तीत काम करणाऱ्या संस्थेचा रेडिओ असावा, असा विचार ठाण्यात आणि नवी मुंबईत अनेक जण करतात. पहिल्या बैठकीत त्याचे दोन तुकडे होतात. ज्येष्ठ विश्वस्तांना परवाना, मनोरा आणि ट्रान्झिस्टरवर ऐकू येणारा खराखुरा रेडिओ हवा असतो. तरुण मंडळी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, इंटरनेटवर आठवड्यात सुरू करू. या भागातल्या काही संस्थांना मी स्टुडिओ आणि प्रसारणाच्या तांत्रिक कामात मदत करतो, आणि दोन्ही मार्गांवर नंतर काय काय समोर येते ते जवळून पाहत आलो आहे. निर्णय अजून व्हायचा आहे अशांसाठी हे लिहितो आहे.

आधी कायद्याची चौकट. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. त्यानंतर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा, म्हणजे वस्तीपुरत्या कमी शक्तीच्या एफएम केंद्राचा, मार्ग खुला झाला. संस्था विनानफा तत्त्वावर चालणारी आणि किमान तीन वर्षे जुनी असावी लागते. एकट्या व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला हा परवाना मिळत नाही. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिली परवानगी दहा वर्षांची असते आणि तासाला बारा मिनिटे जाहिराती चालतात. सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशा अटी आहेत. या अटी मला जाचक वाटत नाहीत. त्या पाळायच्या नसतील, तर सामुदायिक रेडिओ काढण्यात अर्थच उरत नाही.

इंटरनेट रेडिओला लहरींचा परवाना लागत नाही, कारण तो लहरी वापरतच नाही.

ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर आणून "नुसती चाचणी घेऊ, बघू किती लांब जातो" असे म्हणणारे कोणीतरी प्रत्येक बैठकीत भेटते. ते करू नका. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. शिवाय तसल्या स्वस्त यंत्राला चांगले फिल्टर नसतात, त्यामुळे ते नको त्या फ्रिक्वेन्सीवरही ऊर्जा फेकते. आपल्या परिसरात हे विशेष धोक्याचे का, ते पुढे येईल.

तुमचा श्रोता कशावर ऐकतो?

तंत्राची निवड इथून सुरू व्हायला हवी, पण बैठकीत हा प्रश्न बहुधा शेवटी निघतो. तुर्भ्याच्या खाणपट्ट्यातल्या वस्तीत, टीटीसी एमआयडीसीच्या कारखान्यांच्या फाटकांवर, दिव्याच्या चाळींत किंवा दिवाळे कोळीवाड्यात जाऊन लोकांना विचारा: घरात रेडिओ आहे का, मोबाइलमध्ये एफएम आहे का, वायरचा इअरफोन आहे का? मोबाइलचा एफएम इअरफोनच्या वायरीलाच अँटेना म्हणून वापरतो. वायरलेस इअरबड आले, कित्येक फोनमधून इअरफोनची पिनच गेली, आणि त्याबरोबर एफएमही गेला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याची सूचना केली, ती याच कारणाने. तरीही तुमच्या वस्तीतल्या फोनमध्ये तो आहे की नाही, हे घरोघर विचारल्याशिवाय कळणार नाही.

रिक्षावाले, टेम्पोवाले, रात्रपाळीचे वॉचमन, दुकानात एकटे बसलेले लोक यांच्याकडे रेडिओ संच अजून सापडतो. त्यांचे हात कामात असतात. ॲप उघडून, लिंक दाबून, स्ट्रीम सुरू होण्याची वाट पाहणे त्यांच्या दिवसात बसत नाही. कॉलेजच्या मुलांचे याच्या अगदी उलट आहे. त्यांच्यासाठी ९०.४ हा एफएमचा आकडा परका आहे आणि लिंक ओळखीची.

डेटाचा हिशेबही मांडून पाहा. ६४ केबीपीएसच्या स्ट्रीमला तासाला सुमारे २९ एमबी लागतात. रोज तीन तास ऐकणाऱ्याचे महिन्याला अडीच जीबीहून थोडे जास्त जातात. नोकरदाराला ते जाणवणार नाही. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो दिवसभर नवऱ्याबरोबर बाहेर असतो, तिथल्या बाईपर्यंत मात्र स्ट्रीम पोचत नाही. आरोग्याचा, रेशनचा किंवा पोरांच्या शाळाप्रवेशाचा कार्यक्रम तिच्यासाठी करणार असाल, तर हे एकच उत्तर निर्णयाला पुरेसे ठरू शकते.

येऊर, पारसिक आणि तीस मीटर

सामुदायिक केंद्राला साधारणपणे १०० वॅट ईआरपीची मर्यादा आहे, म्हणजे अँटेनामुळे मिळणारी वाढ धरून बाहेर पडणारी शक्ती. अँटेना जमिनीपासून किमान १५ आणि कमाल ३० मीटर उंच असावी लागते. सपाट प्रदेशात एवढ्यात पाच ते दहा किलोमीटर व्यवस्थित ऐकू येते. आपला प्रदेश सपाट नाही.

एफएमच्या लहरींची लांबी साधारण तीन मीटर असते. त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि डोंगरामागे त्यांची सावली पडते. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. खाडीपलीकडे मुंब्र्यापासून बेलापूरच्या दिशेने पारसिकची रांग आहे आणि पुढे खारघरचा डोंगर. घणसोलीला मनोरा उभारला, तर ऐरोली ते कोपरखैरणे ही पट्टी चांगली मिळेल, पण रांगेपलीकडच्या शीळ आणि दिव्याकडे सिग्नल कसाबसा पोचेल. कळव्यात उभारला, तर मुंब्र्याचा डोंगर दिव्याच्या आड येईल. दिव्यातल्या सपाटीवरचा मनोरा दिवा-डोंबिवलीला उत्तम आणि नवी मुंबईला जवळपास निरुपयोगी. नकाशावर दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून "एवढे लाख लोक आपले श्रोते" असे अर्जात लिहिणाऱ्यांनी ते वर्तुळ खोडून डोंगराच्या आकाराने पुन्हा काढावे.

घोडबंदर रस्त्याचा प्रश्न वेगळा आहे. तीस मीटर म्हणजे जेमतेम दहा मजले. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत त्याच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या इमारती आहेत. मनोरा त्यांच्या गर्दीत बुडतो आणि उंचीची मर्यादा जमिनीपासून मोजली जात असल्याने चाळिसाव्या मजल्याच्या गच्चीचा उपयोग होत नाही. काँक्रीटवर आपटून उलट-सुलट आलेले सिग्नल एकमेकांना मारतात. गाडीतला श्रोता चौकात लाल दिव्याला थांबला की आवाज खरखरतो आणि चार हात पुढे सरकला की परत स्वच्छ होतो, तो यामुळे.

याचा अंदाज अर्जाआधी घरबसल्या घेता येतो. 'रेडिओ मोबाइल' नावाचे मोफत सॉफ्टवेअर अवकाशातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीवरून दोन ठिकाणांमधला छेद काढून देते. एक दुपार त्यात घालवा. शिवाय एक चांगला छोटा रेडिओ घेऊन संभाव्य जागेच्या गच्चीवर उभे राहा आणि ८८ ते १०८ पट्टा सावकाश फिरवा. मुंबईची आधीची केंद्रे कुठे किती जोरात येतात ते लिहून काढा. एफएम रिसीव्हर एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन सिग्नलपैकी जोरकस असेल तोच धरतो आणि दुसऱ्याला जवळपास पुसून टाकतो. पुण्याकडची किंवा मुंबईतली केंद्रे कुठवर शिरतात, हे माहीत असले की फ्रिक्वेन्सीबद्दल बोलताना तुम्ही चाचपडत नाही.

आता विमानतळ. २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथेच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझर १०८.१ ते १११.९५ मध्ये काम करतो. समजा तुमचे केंद्र १०७.८ वर आहे आणि आकाशवाणीचे एफएम रेनबो १०७.१ वर आहेच. हे दोन सिग्नल एखाद्या सदोष यंत्रात मिसळले तर १०७.८ ची दुप्पट वजा १०७.१, म्हणजे १०८.५ वर तिसराच सिग्नल तयार होतो, आणि तो थेट लोकलायझरच्या पट्ट्यात पडतो. म्हणून बँडपास फिल्टर (आपल्या फ्रिक्वेन्सीखेरीज बाकीचे अडवणारा), ट्रान्समीटरची नियमित तपासणी आणि साक्फाची, म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि मनोऱ्याची जागा तपासणाऱ्या सरकारी समितीची, मंजुरी या गोष्टींकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहू नका. उलवे, पनवेल, खारघर भागात केंद्र काढणाऱ्यांनी तर अजिबात नाही.

मनोऱ्याखालचा माणूस

पन्नास वॅटचा ट्रान्समीटर दिसायला घरच्या ॲम्प्लिफायरएवढा असतो. तो विकत घेणे हे या कामातले सोपे काम. वर्षानुवर्षे तो नीट चालवणारा माणूस मिळणे अवघड, आणि बहुतेक संस्थांच्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी ओळच नसते.

आकाशवाणीसारख्या मोठ्या संस्थेत इंजिनीअर पाळीने असतात, ट्रान्समीटरच्या नोंदवह्या भरल्या जातात, सुट्या भागांचे कोठार असते. सामुदायिक केंद्रात हे सगळे एका-दोघांवर येते. त्यांचे काम दुरून दिसत नाही. सकाळी प्रसारण सुरू होण्याआधी ट्रान्समीटरच्या मीटरवर दोन आकडे पाहायचे: पुढे जाणारी शक्ती किती आणि अँटेनाकडून परत येणारी किती. पन्नास वॅट पुढे जाताना दोन वॅट परत येत असतील तर चालेल. परतणारी शक्ती पाच-साडेपाच वॅटवर गेली, तर केबल किंवा जोड बिघडू लागला आहे. आणखी वाढली की ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती उतरवतो आणि श्रोत्याला वाटते की केंद्र "लांब गेले". हे दोन आकडे रोज वहीत लिहिणारा माणूस बिघाड आठवडाभर आधी ओळखतो. न लिहिणाऱ्याला तो ऐन कार्यक्रमात कळतो.

कोकणपट्टीच्या पावसात बिघाड बहुतेक जोडांतूनच शिरतो. अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी गेले की ते केबलच्या आत उतरत जाते. त्यावर उपाय साधे आहेत. कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळायची आणि वर उन्हाला टिकणारी दुसरी टेप लावायची. केबल भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते आणि यंत्रापर्यंत वाहत येत नाही. खाडीकाठी हवा खारी असते, त्यामुळे मनोऱ्याचे नटबोल्ट, ताण-तारा आणि अर्थिंगच्या पट्ट्या लवकर गंजतात. मे महिन्यात हे सगळे उघडून, घासून, रंगवून घ्यायला हवे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो आणि वळवाच्या पहिल्या विजेला ट्रान्समीटर बळी पडतो.

मनोऱ्यावर चढणारा रिगर बहुधा बाहेरून बोलावलेला असतो. त्याच्या बाबतीत एक नियम दगडावर कोरल्यासारखा पाळा: तो वर असताना ट्रान्समीटर बंद आणि खोलीची किल्ली त्याच्याच खिशात. हार्नेसशिवाय चढायला तो स्वतः तयार असला तरी चढू देऊ नका.

हे काम करणारा माणूस कुठे मिळेल? आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सवाला मुलगा किंवा मुलगी, केबल टीव्हीच्या नेटवर्कवर काम केलेला तंत्रज्ञ, साउंड सिस्टीमच्या धंद्यातला कोणी. पदवीपेक्षा मीटर वाचण्याची शिस्त आणि पाऊस सुरू झाल्यावर झोपेतून उठून केंद्रावर जाण्याची ओढ महत्त्वाची. अशा माणसाला पूर्ण पगार द्या. निवेदकांना मानधन आणि तंत्रज्ञाला "सेवाभाव", अशी वाटणी केली की वर्षभरात तो खासगी नोकरीला जातो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

स्ट्रीमलाही राखणदार लागतो

इंटरनेट रेडिओ आपोआप चालतो, ही समजूत आधी मोडायला हवी. सुरुवात स्वस्त आहे, हे खरे. एक संगणक, छोटा मिक्सर, दोन चांगले माइक, आवाज स्ट्रीममध्ये बदलून पाठवायला 'बट'सारखा मोफत एन्कोडर आणि भाड्याच्या सर्व्हरवर तो श्रोत्यांना वाटणारे आइसकास्ट किंवा ॲझुराकास्ट, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. स्टुडिओकडून सर्व्हरला एकच स्ट्रीम जातो आणि सर्व्हर तो वाटतो. शंभर जण एकाच वेळी ६४ केबीपीएसवर ऐकत असतील तर सर्व्हरकडून ६.४ एमबीपीएस बाहेर पडतात. हजार झाले की दहापट. एफएमला एक श्रोता असो वा दहा हजार, विजेचे बिल तेवढेच येते. स्ट्रीमचा खर्च श्रोत्यांबरोबर वाढतो, हा दोन्हींमधला मूळ फरक आहे.

बिघाडांचा स्वभावही वेगळा. एफएमचा बिघाड मीटरवर दिसतो. स्ट्रीममध्ये सर्व्हर हिरवा दिवा दाखवत राहतो आणि त्यातून नुसती शांतता वाहते, कारण स्टुडिओत कोणीतरी मिक्सरची वायर बदलली. त्यासाठी शांतता ओळखून राखीव ध्वनिफिती सुरू करणारी व्यवस्था पहिल्याच दिवशी बसवावी. लिक्विडसोप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती करता येते. सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली की ब्राउझर स्ट्रीम अडवतो आणि श्रोता मुकाट्याने निघून जातो. रस्ता खोदताना फायबर तुटली तर दुसऱ्या कंपनीची जोडणी हवी. ती त्याच चरातून आलेली नाही, हे आधी विचारून घ्या. हे सांभाळणारा मुलगा मनोऱ्यावर चढणार नाही, पण रात्री अकरा वाजता फोनवर इशारा आला की त्यालाही उठावे लागते. त्याचाही पगार धरा.

पावसाळ्यातल्या आपत्तीत मात्र तुलना फार एकतर्फी होते. २६ जुलै २००५ ला मुंबई-ठाणे पट्ट्यात मोबाइलची यंत्रणा कोलमडली आणि उपनगरांत वीज गेली. अशा वेळी इन्व्हर्टरवर चालणारा पन्नास वॅटचा ट्रान्समीटर आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये तिसरे कोणी लागत नाही. स्ट्रीमला टॉवर, फायबर, सर्व्हर आणि श्रोत्याच्या फोनची बॅटरी हे सगळे एकाच वेळी जिवंत लागते. सखल वस्त्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी या मुद्द्याला जास्तीत जास्त वजन द्यावे, असे माझे ठाम मत आहे. मनोऱ्याची ट्रान्समीटर-खोली तळमजल्यावर मात्र घेऊ नका.

बोलायचे काय, वाजवायचे काय

बातम्यांच्या बाबतीत स्ट्रीम मोकळा आहे. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे देता येतात. पण पाणीपुरवठा, वीज, वाहतूक, हवामान, परीक्षा आणि प्रवेश, नोकऱ्या, सण-उत्सव, प्रशासनाने दिलेला आपत्तीचा इशारा हे बातम्यांत धरले जात नाही. वस्तीच्या रोजच्या गरजेचे बरेचसे त्यात येते. महापालिकेच्या कारभारावर थेट वार्तांकन करायचे असेल तर तुमचा मार्ग इंटरनेट, आणि तिथे २०२१ च्या डिजिटल माध्यमांविषयीच्या नियमांची चौकट आहे.

गाण्यांच्या बाबतीत पारडे उलटते. कॉपीराइट कायद्याच्या ३१-ड कलमात रेडिओ प्रसारणासाठी वैधानिक परवान्याची सोय आहे, ठरलेले दर भरून गाणी वाजवता येतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ही सोय इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू होत नाही असे सांगितले. म्हणजे स्ट्रीमवर सिनेगीते वाजवायची तर हक्कदारांशी वेगवेगळा करार करावा लागतो. "सगळे वाजवतात" हे उत्तर विश्वस्तांनी मान्य करू नये.

मला स्वतःला यातून निघणारी वाट आवडते. आगरी लग्नांत धवलारीण जे धवले म्हणते, कोळीवाड्यातल्या बायका जी गाणी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या, ती त्यांच्या लेखी संमतीने, योग्य मानधन देऊन, स्वतः ध्वनिमुद्रित करा. ती एफएमवरही चालतात आणि स्ट्रीमवरही, आणि तुमचे केंद्र दुसऱ्या कोणासारखे राहत नाही. ही गाणी पाठ असलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. रेडिओचा निर्णय व्हायला दोन वर्षे लागली तरी ध्वनिमुद्रणाला या महिन्यात सुरुवात करता येईल.

माझा कौल

कॉलेजचे माध्यम विभाग, वाचन मंडळे, घोडबंदरच्या उंच इमारतींमधले रहिवासी, परदेशी गेलेल्या मुलांशी जोडलेले राहू पाहणारे गट यांनी इंटरनेटच निवडावे. त्यांचे श्रोते तिथेच आहेत आणि डोंगराचा प्रश्न उरत नाही.

दिवा, तुर्भे, कोळीवाडे, कामगार वस्त्या यांच्यात आधीच पाय रोवून असलेल्या संस्थेने एफएमचा अर्ज करावा, पण त्यात घाई नको. ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवरचा अर्ज, इरादापत्र, फ्रिक्वेन्सी आणि साक्फाची मंजुरी, करार, मग चालवण्याचा परवाना या वाटेवर वर्ष सहज जाते. तो काळ रिकामा घालवू नका. त्या वर्षात त्याच स्टुडिओतून स्ट्रीम चालवा, निवेदकांचे हात बसू द्या. केंद्राला प्रसारित कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका तीन महिने जपून ठेवाव्या लागतात, ती सवय आत्ताच लावा. माइक, मिक्सर, संगणक सगळे पुढे एफएमलाही लागणारच, त्यामुळे पैसा फुकट जात नाही.

ज्यांच्याकडे तंत्रज्ञाचा पगार पुढची तीन वर्षे देण्याची तजवीज नाही, त्यांनी मनोऱ्याचा विचार आज बाजूला ठेवावा. तजवीज असेल, तर ट्रान्समीटरची ऑर्डर देण्याआधी त्या तंत्रज्ञाला नेमा. जागा निवडताना, केबल ओढताना, अर्थिंगचा खड्डा खोदताना तो हजर असू द्या, म्हणजे पुढे बिघाड शोधताना भिंतीत काय पुरले आहे ते त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.